तेवीस काल्पनिक रुग्ण

अभ्यास कसा करावा, हे मला जेवढं कळतं तेवढं फार थोड्या लोकांना कळत असेल. दोनदा नापास झालेल्या माणसाने असं म्हणावं म्हणजे तुम्ही हसाल. हसा. पण विचार करा, पहिल्या फटक्यात पास होणाऱ्याला अभ्यासाची एकच पद्धत ठाऊक असते. मला सहा ठाऊक आहेत. सहाही करून पाहिल्यात.

मी डॉक्टर आहे, कारखान्यातला. आमच्याकडे लोखंडी कपाटं बनतात. पत्र्याची भलीमोठी गुंडाळी एका टोकाने आत येते, कापली जाते, वाकवली जाते, जोडली जाते, रंगवली जाते आणि दुसऱ्या टोकाने कपाट होऊन बाहेर पडते. या दोन टोकांच्या मध्ये चारशे माणसं आहेत आणि त्यांच्यासाठी दोन खोल्यांचा दवाखाना आहे. एका खोलीत मी, दुसऱ्या खोलीत सिस्टर. आठ वर्षं मी इथे सुखाने नोकरी केली. कापलेल्या बोटाला पट्टी, तापाला गोळी, आणि वर्षातून एकदा प्रत्येकाला तपासून पिवळ्या कार्डावर ‘कामास योग्य’ अशी सही. माझी सही इतकी बसली होती की डोळे मिटून करता यायची. काही वेळा केलीही.

मग नियम आला. कारखान्याच्या डॉक्टरने व्यावसायिक आरोग्याची परीक्षा पास झालंच पाहिजे. म्हणजे कामामुळे माणसाला कोणते आजार होतात, ते कसे ओळखायचे आणि कसे टाळायचे, याची परीक्षा. प्रयत्न तीन. दोन माझे झाले होते. तिसऱ्याच्या आधी मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून बसायला सांगितलं, चहा मागवला, तेव्हाच मी काय ते ओळखलं.

“डॉक्टर, तुम्ही माणूस चांगले आहात,” ते म्हणाले. “पण यावेळी नाही जमलं तर माझाही नाइलाज आहे. नव्या डॉक्टरची जाहिरात लिहून तयार आहे.”

एक्कावन्न वर्षांच्या माणसाला नवी नोकरी कोण देतं? चहा तसाच राहिला.

घरी आलो. आमची ही शाळेत गणित शिकवते. तिने माझं पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि मिटलं.

“काय आठवतं सांग.”

“प्रस्तावना आठवते.”

“तू वाचतोस रे. अभ्यास करत नाहीस. नुसतं वाचणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पुस्तक मिटायचं आणि स्वतःला प्रश्न विचारायचे. आमची सहावीतली पोरंसुद्धा हे करतात.”

सहावीतली पोरं जे करतात ते मी तसंच्या तसं करणार नव्हतो. माझं शिक्षण काय, माझा अनुभव काय! मी त्यात सुधारणा केली. नुसते प्रश्न नकोत, रुग्णच तयार करायचे. एका कार्डावर एक काल्पनिक कामगार: त्याचं काम, वय, किती वर्षं नोकरी, तक्रार. मग आपणच निदान करायचं आणि आपणच निकाल लिहायचा, योग्य की अयोग्य. डोळ्यासमोर खरा चेहरा असला की आजार डोक्यात पक्का बसतो, म्हणून माणसं मी आमच्याच कारखान्यातली घेतली. नावं मात्र लिहिली नाहीत. तेवढी अक्कल मला आहे.

शनिवारी सिस्टर रजेवर होत्या, दवाखान्यात शांतता होती. मी तेवीस कार्डं लिहिली. हाताशी तीच होती म्हणून दवाखान्याचीच पिवळी कार्डं वापरली. क्रेन चालवणाऱ्याला बहिरेपणा दिला. वेल्डरला धुराचा ताप. रंगकाम करणाऱ्या दोघांना दमा. कँटीनच्या आचाऱ्याला उष्माघात. टायपिस्टबाईंना मनगटाचं दुखणं. शेवटी शेवटी आजार उरले आणि ते शोभतील अशी माणसं संपली, तेव्हा गेटवरच्या वॉचमनला मी अँथ्रॅक्स देऊन टाकला. हा जनावरांच्या कातड्यातून येणारा भयंकर रोग आहे. आता आमच्याकडे कातडं म्हणाल तर लोकांच्या चपलांचं तेवढं, पण परीक्षेला येतो. आणि शिशाच्या विषबाधेची लक्षणं माझ्या कधीच लक्षात राहत नसत: चिडचिड, विसरभोळेपणा, पोटदुखी. म्हटलं, हे कोणाला शोभेल? वरिष्ठ अधिकारी, वय चोपन्न. एकदम पाठ झालं. सगळ्यांवर ‘अयोग्य’ लिहिलं, सवयीने खाली सही ठोकली, गठ्ठा टेबलावरच्या रिकाम्या ट्रेमध्ये ठेवला आणि शीळ घालत घरी गेलो.

त्या ट्रेवर ‘पाठवायचे’ अशी चिठ्ठी आहे. आठ वर्षांत मी ती वाचलेली नव्हती. ट्रे सिस्टर बघतात.

सोमवारी जरा उशिरा पोचलो. गेटबाहेर सात ट्रक खोळंबले होते. वॉचमन एकटाच स्टुलावर बसला होता. लोक त्याच्यापासून दहा हात लांबून, भिंतीला अंग घासत आत जात होते. एक ट्रकवाला लांबूनच ओरडून गाडीचा नंबर सांगत होता, पण पास घ्यायला पुढे येत नव्हता. मला पाहताच वॉचमन उठला.

“डॉक्टरसाहेब, किती दिवस आहेत माझे?”

“सुट्टीचे का?”

त्याने खिशातून पिवळं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. अक्षर माझं, सही माझी. वर मात्र सुबक, गोल अक्षरात त्याचं संपूर्ण नाव.

“साहेब, कातड्याच्या गोदामात बारा वर्षं होतो असं लिहिलंय. मी तर आधी दुधाच्या गाडीवर होतो. पण तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर मीच बुचकळ्यात पडलो.”

“तू ठणठणीत आहेस,” एवढंच कसंबसं म्हटलं, सगळ्यांना दिसेल असा त्याचा हात हातात घेऊन हलवला आणि दवाखान्याकडे धावलो. मागून कोणीतरी म्हणालं, “आता डॉक्टरपण गेले.”

सिस्टर टेबल आवरत होत्या. चेहऱ्यावर माझ्याबद्दल इतका आदर मी पूर्वी पाहिला नव्हता.

“डॉक्टर, शनिवारी किती काम केलंत तुम्ही! मी नव्हते तरी तेवीस जण तपासलेत.”

“सिस्टर, त्या कार्डांवर नावं…”

“नेहमीसारखी विसरलात. आठ वर्षं झाली, मला आता सवय आहे. पण काम, वय, नोकरीची वर्षं सगळं होतं ना. रजिस्टर काढून जुळवलं आणि घातली नावं. तीन ठिकाणी वय चुकलं होतं, तेही सुधारलं.” त्यांनी आवाज खाली आणला. “एक प्रत कामगाराला, एक विभागाला, एक मुख्य कचेरीला. साडेसातलाच पाठवून मोकळी झाले.”

आता त्यांना काय बोलणार? माझ्या अर्धवट कामाची त्या आठ वर्षं गुपचूप भरपाई करत होत्या, म्हणून तर माझी नोकरी सुखाची होती. मी खुर्चीत बसलो तोच फोन वाजला. मॅनेजरसाहेब फक्त एक शब्द बोलले, “या.”

त्यांच्या खोलीच्या खिडकीतून शेड दिसते. शेड गप्प होती. क्रेन उभी, कारण क्रेनवाला अयोग्य. क्रेन उभी म्हणून पत्रा नाही, पत्रा नाही म्हणून पुढे काहीच नाही. मॅनेजरसाहेबांच्या हातात पिवळं कार्ड होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

“‘चिडचिड, विसरभोळेपणा, पोटदुखी. निर्णय घेण्याची क्षमता घटलेली. जबाबदारीचं काम देऊ नये.’ डॉक्टर, हे काय आहे?”

“साहेब, तो माझा अभ्यास आहे. काल्पनिक रुग्ण आहे तो.”

“मग त्यावर माझं नाव कसं?”

“ते सिस्टरनी घातलं.”

त्यांनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, “म्हणजे सिस्टरनाही तसंच वाटतं?”

मी घाम पुसत सगळं सांगितलं. पहिल्यापासून, अगदी प्रस्तावनेपासून. त्यांनी ऐकून घेतलं आणि टेबलावर दोन्ही हात ठेवले.

“मुख्य कचेरीत नोंद झाली आहे. एकदा अयोग्य लिहिलेला माणूस ‘चुकून झालं’ म्हणून परत घेता येत नाही. पुन्हा तपासायचं, तो काम करतो ती जागा बघायची, आणि तो योग्य का आहे याचं कारण लिहून द्यायचं. तेवीस जणांचं. गुरुवारपर्यंत.”

“साहेब, पुढच्या सोमवारी माझी परीक्षा आहे. अभ्यास बुडेल माझा.”

“तुम्ही अभ्यास केलात म्हणूनच तर कारखाना बुडतोय.”

मी दाराशी पोचलो तेव्हा त्यांनी हळूच हाक मारली. “डॉक्टर. पोट खरंच दुखतं हो हल्ली माझं.”

झालं! म्हणजे परीक्षा गेली, नोकरी गेली, हे मी त्या जिन्यातच मनाशी पक्कं केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शनिवारी नुसता झोपलो असतो तर बरं झालं असतं.

पहिला आला वेल्डर. कार्ड दोन्ही हातांनी धरलेलं, डोळे मोठे झालेले.

“डॉक्टर, हे तुम्हाला कसं कळलं?”

“काय?”

“हेच. सोमवारी संध्याकाळी ताप, थंडी, तोंडात धातूची चव. मंगळवारी सकाळी बरं. शुक्रवारपर्यंत काही नाही, परत सोमवारी तेच. मी तुम्हाला फक्त ताप आला एवढंच सांगायचो. तुम्ही गोळी द्यायचात.”

पुस्तकात हा ताप पान दोनशे चौदावर आहे. जस्ताचा लेप दिलेला पत्रा जोडताना जो धूर निघतो, त्याने येतो. दोन दिवस सुट्टी झाली की अंगाची सवय मोडते आणि सोमवारी पुन्हा गाठतो. मी ते पान सात वेळा वाचलं होतं. आणि तो माणूस दर सोमवारी माझ्यासमोर त्या स्टुलावर बसून गोळी नेत होता. त्याला ‘तू काम काय करतोस, कसं करतोस’ असं मी एकदाही विचारलं नव्हतं. मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू, चांगलीच वाटली.

त्याच्याबरोबर शेडमध्ये गेलो. धूर ओढून घेणारा पंखा होता, पण त्याचं तोंड भिंतीकडे होतं. “आमच्याकडे केला की वाऱ्याने जोडाचा टाका बिघडतो, म्हणून कोणीतरी फिरवला,” वेल्डर म्हणाला. कोणी, कधी, कोणालाच आठवत नव्हतं. पंख्याचं तोंड आणि अंतर नीट जमवायला दोघांना अर्धा तास लागला.

मग बाकीचे. रंगकामवाल्या दोघांना दमा नव्हता, पण तोंडावर बांधायचा मुखवटा एकच होता, आणि तो ते आळीपाळीने वापरत होते. टायपिस्टबाईंचं मनगट उत्तम होतं, दुखत होती पाठ, कारण खुर्चीचा एक पाय आखूड. आचारी म्हणाला, “उष्माघात नाही, पण लिहिलंच आहे तर एक खिडकी पाडून द्या.” मॅनेजरसाहेबांच्या रक्तात शिसं निघालं नाही. त्यांचं काम बघायला मी दोन तास त्यांच्या खोलीत बसलो. सतरा फोन आले, नऊ माणसं आली, आणि सकाळी आणलेला डबा चार वाजता तसाच बंद होता. निदान करायला पुस्तक लागलं नाही.

रोज रात्री जेवताना ही विचारायची, “आज काय आठवतं?” मी म्हणायचो, पुस्तक उघडलंच नाही, काय आठवणार, आणि मग पंखा, मुखवटा, खुर्चीचा पाय असं तासभर सांगत बसायचो. ती नुसती “हं” म्हणायची आणि माझ्या ताटात आणखी वाढायची.

क्रेनवाले मामा सगळ्यांत शेवटी आले. आले म्हणजे आणावे लागले. वय पंचावन्न, सगळा कारखाना त्यांना मामा म्हणतो. ते माझ्याशी बोलायला तयार नव्हते.

“मला ऐकू येतं,” ते म्हणाले.

“मामा, ते कार्ड खोटं होतं. मी आता फक्त तपासून ‘योग्य’ लिहिणार.”

कान तपासायच्या यंत्राची धूळ झटकली. मामांच्या कानाला लावलं आणि आवाज आला की बोट वर करा म्हटलं. बारीक, उंच आवाजापाशी आलो आणि मामांचं बोट हलेना. दुसरा कान, तेच. मी पुन्हा केलं. मामा माझ्या ओठांकडे बघत होते, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते नेहमीच ओठांकडे बघून बोलतात.

“निवृत्तीला तीन वर्षं उरलीत, डॉक्टरसाहेब,” ते म्हणाले. “घरी बसवू नका.”

तेवीस काल्पनिक रुग्णांमधला हा दुसरा खरा निघाला. पुस्तकाप्रमाणे उत्तर सोपं होतं: ऐकू कमी येतं, काम धोक्याचं, अयोग्य. मी पेन उचललं, पण लिहवेना. ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूस समोर बसून घामाने ओले झालेले हात पँटला पुसत होता.

“मामा, मला वर नेता?”

“वर? तुम्ही?”

एकेचाळीस पायऱ्यांची उभी लोखंडी शिडी. मला दुसऱ्या मजल्याच्या गच्चीतही गरगरतं. वीस पायऱ्यांनंतर माझी बोबडी वळली.

“खाली बघू नका,” मामा वरून म्हणाले.

“तुम्ही तर दिवसभर खालीच बघता.”

“तेच तर काम आहे.”

केबिनमध्ये त्यांच्यामागे उभा राहिलो, म्हणजे त्यांच्या सदऱ्याला धरून उभा राहिलो. मामांनी क्रेन चालवून दाखवली. केबिनच्या खिडकीतून बाहेर वाकून खाली बघत, खालच्या माणसाच्या हाताच्या खुणांवर, तीन टनांची गुंडाळी त्यांनी अशी टेकवली की खाली टेबलावर ठेवलेला चहा हलला नाही. कानाचा इथे संबंध फक्त धोक्याच्या एका घंटेपुरता होता. पण केबिनची काच इतकी ओरखड्यांची होती की मामांना मान बाहेर काढून बघावं लागे. गेली कित्येक वर्षं त्यांची मान दुखत होती. धोका कानात होता त्याहून जास्त त्या काचेत होता.

खाली आल्यावर मी लिहिलं: कामास योग्य. केबिनची काच बदलावी. घंटेसोबत लुकलुकणारा दिवा लावावा, आणि तो लागेपर्यंत खाली एकाऐवजी दोन माणसं खुणेला द्यावीत. कानांना आवाज अडवणारी टोपणं द्यावीत, आणि दर सहा महिन्यांनी कान तपासावेत. मामांनी ते बोटाने ओळी लावत वाचलं.

“एवढं लांबलचक ‘योग्य’ पहिल्यांदाच बघतोय,” ते म्हणाले, आणि डोळे पुसायला तोंड वळवलं. मीही वळवलं.

परीक्षा आली. लेखी पेपरमध्ये आकडे विचारले होते. कोणत्या वायूची हवेत किती मात्रा चालते वगैरे. मी अंदाजपंचे भरून टाकले. दुसऱ्या दिवशी तोंडी. समोर चष्मा नाकावर आलेल्या परीक्षकबाई. त्यांनी हातातल्या कागदाकडे बघत विचारलं, “एका क्रेनचालकाला ऐकू कमी येतं असं आढळलं. योग्य की अयोग्य?”

“आधी वर चढेन,” मी म्हणालो.

त्यांनी चष्मा वर केला. “कुठे वर?”

“क्रेनवर, बाई. तो काय करतो ते बघितल्याशिवाय कसं सांगणार?”

“आणि वर काय बघाल?”

मग मी जो सुटलो तो थांबलो नाही. काच, मान, हाताच्या खुणा, घंटा, दिवा. वर जाताना शिडीला दोन्ही हातांनी धरावं हेही सांगितलं. बाईंनी दहा मिनिटांची घंटी वाजवली, पण त्यांनीच पुढे विचारलं, “वेल्डर कधी भेटलाय का तुम्हाला?” मी म्हटलं, दर सोमवारी.

निकाल तीन आठवड्यांनी शनिवारी लागला. पास! लेखीला पन्नास लागतात, मला बरोबर पन्नास. तोंडीला अठ्ठ्याऐंशी. हिला फोन केला. आधी नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग शिक्षिका परत आली.

“लेखीचा अभ्यास कोणी केला होता?”

“मी.”

“आणि तोंडीचा?”

मी फोन ठेवला.

मॅनेजरसाहेबांनी माझ्यादेखत ती जाहिरात फाडली. मी थेट शेडमध्ये गेलो. सिस्टरही आल्या. वेल्डरने चष्मा वर करून हात मिळवला, रंगकामवाल्यांनी आपापले मुखवटे काढून टाळ्या वाजवल्या. मामा शिडीवरून खाली उतरले, त्यांनी माझा हात धरला आणि मग त्यांचा चेहरा जरासा उतरला.

“म्हणजे परीक्षा संपली?”

“संपली, मामा.”

“मग आता वर यायचं काम नाही तुम्हाला.”

ते तक्रार करत नव्हते. आपलं जे खरं वाटलं ते म्हणाले. आणि नेमकं तेच मला लागलं. माझा आवाज आपोआप चढला, सगळ्या शेडला ऐकू जाईल एवढा.

“कोण म्हणतं? उद्यापासून रोज सकाळी दहाच्या ठोक्याला मी शेडमध्ये! रोज एकेकाचं काम बघणार. मी निवृत्त होईपर्यंत!”

सिस्टर माझ्या कानाशी आल्या.

“डॉक्टर, उद्या रविवार आहे.”

तर, सोमवारपासून. आणि खोटं नाही सांगत, सोमवारी मी गेलोही. फक्त दहाच्या ऐवजी साडेअकरा वाजले.